उन्हाने घोगरा होणारा रेडिओ

श्रोतेहो, रावेरकडचा वैशाख तुम्हांला मी काय सांगावा? पारा ४४-४५ अंशांवर जातो, केळीची पाने करपतात. पहिल्या पिढीच्या ट्रान्झिस्टर रेडिओलाही असे ऊन सोसत नसे. ज्या संचाची जुळणी कच्ची, तो सकाळी खणखणीत बोले आणि दुपारी घोगरा होई. मग बाजारभावातले आकडे कळायचे कसे?

बार्डीन आणि ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर प्रथम चालविला. १९५४ साली त्याचा छोटा रेडिओ बाजारात आला. पण ते ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जर्मेनियमची खोड अशी, की उष्णता दहाएक अंशांनी वाढली की त्यातून झिरपणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो.

हिशेबच करू या. समजा, २५ अंशांवर गळती ५ मायक्रोअँपिअर आहे. ४५ अंशांवर ती २० होईल. बेसला बॅटरीपासून एकच रोध जोडला असेल, तर ट्रान्झिस्टर ही गळतीही आवाजासारखीच वाढवितो. पन्नासपट वाढ धरली, तर झाला एक मिलिअँपिअर! मुळात विश्रांतीचा प्रवाहच तेवढा ठेवलेला असतो. तो दुप्पट झाला, की आवाजाच्या लाटेला एका बाजूने जागा उरत नाही. ती छाटली जाते. मोठ्या ट्रान्झिस्टरात तर उष्णतेने प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता, आणि शेवटी तो जळतो.

रिचर्ड शी यांनी १९५२ मध्ये या अस्थिरतेचे गणित मांडले. उपाय साधा आहे. दोन रोधांनी बॅटरीचा दाब विभागून बेसला द्यायचा आणि एमिटरच्या वाटेत तिसरा रोध घालायचा. प्रवाह वाढू लागला की या रोधावरचा दाब वाढतो, बेस-एमिटरमधला दाब तेवढा घटतो, आणि प्रवाह आपोआप मागे सरतो. बॅटरीचा थोडा दाब त्यात खर्ची पडतो. माझ्या मते सौदा स्वस्तच.

पुढे सिलिकॉन आले, गळती हजारपट घटली. तरी एमिटरचा रोध गेला नाही, कारण एकाच जातीच्या दोन ट्रान्झिस्टरांची वर्धनशक्तीही सारखी नसते.

शिक्षकांनी जुन्या संचातला एसी १२८ मिळवावा. बेस मोकळा ठेवून कलेक्टर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि एमिटर धन टोकाला जोडावा. मध्ये एक किलोओहमचा रोध व मिलिअँपिअरमापक घालावा. मग एखाद्या मुलाला ट्रान्झिस्टर चिमटीत धरायला सांगावे. बोटांच्या उबेनेच काटा हळूहळू वर चढू लागतो.