माळवद

अंबडकडच्या आमच्या घराला माळवद होतं. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. मिरगाच्या तोंडावर आजोबा त्यावर नवी माती टाकून चोपून घ्यायचे. जुनी काढायची रीतच नव्हती. वर आजीच्या कुरडया-सांडगे वाळायचे, आणि राखणीला आम्ही पोरं. निम्म्या कुरडया ओल्याच आमच्या पोटात जायच्या.

आजोबांना विहिरींचा भारी नाद. कुठं विहीर खणताहेत कळलं की हे काठावर हजर. काळा पाषाण, मग मांजऱ्या, मधेच तांबड्या मातीचा पट्टा, पुन्हा काळा. दुरडीत भाकरी रचाव्यात तसे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाचे ते थर आहेत, हे मला फार पुढे पुस्तकात कळलं. हिमालयातल्या खडकांना वळ्या पडल्या. आपल्याकडचे थर बहुतेक आडवेच राहिले. म्हणून आजोबा बिनघोर होते. १९६७ साली कोयना हादरली तेव्हाही म्हणाले म्हणे, "आपली भुई लई घट हाय."

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं विसर्जनानं दमून झोपलेली. चारला चार-पाच मिनिटं असतील, तेव्हा किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आमच्यापासून दोनेकशे किलोमीटर. तरी काकू सांगते, शिंकं हललं, भांडी वाजली. वडील म्हणतात, मांजर होतं. खरं काय, देव जाणे. "शेषानं फणा हलवला" म्हणत आजी अंगणात जाऊन बसली, एवढं मात्र दोघांनाही मान्य.

भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. त्या रेट्यानं तिकडे हिमालय उचलला जातो, आणि त्याचाच ताण इकडे पठाराखालच्या जुन्या प्रस्तरभंगांवर येतो. किल्लारीला पुढे खोल बोअर घेतलं, तर लाव्हा ३३८ मीटरवरच संपला. त्याखाली कितीतरी जुना खडक. त्यातला भंग वरून दिसणार कसा? सरकारी नकाशात तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. कित्येक वर्षांची माती बैलगाड्या भरभरून निघाली. आजी शेवटपर्यंत कुरकुरली. पत्र्याखाली जीव उकडतो, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मराठवाड्यात माळवदाची घरं अजून आहेत आणि त्यांत बहुधा म्हातारी माणसंच राहतात. दिवाळीला गावी जाल तेव्हा माळवदावरची जादा माती उतरवून घ्या, भिंतींचे कोपरे सुटलेत का तेही बघा. म्हातारी माणसं रागावतील. रागावू द्या.