मेहरबानीची वाट आणि हक्काची वाट

"जाऊ देतात ना? मग हक्काचा कागद कशाला हवा?" हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात अधूनमधून निघतो. विचारणारा वाईट हेतूने विचारत नाही. रोजचे काम निभावले की भांडण नको, एवढेच त्याचे म्हणणे असते. या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही एका इंग्रजी खेड्याच्या पायवाटांच्या इतिहासातून देणार आहोत. कारण परवानगी आणि हक्क यांतला फरक त्या इतिहासाइतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

मँचेस्टरच्या आग्नेयेला, डर्बीशायरमध्ये, हेफिल्ड नावाचे छोटे गाव आहे. गावातून सेट नदी वाहते. जुनी रेल्वे बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता न्यू मिल्सपर्यंत चालण्याची वाट आहे. दुसरी वाट बाउडन ब्रिजच्या जुन्या दगडखाणीपासून निघते, झाडीतून किंडर जलाशयाकडे जाते आणि विल्यम क्लफ नावाच्या घळीतून किंडर स्काउटच्या पठारावर चढते. उंची ६३६ मीटर. सुट्टीच्या दिवशी इथे माणसांची रीघ लागते. पर्यटनाच्या पुस्तिकेत वारा, दगड, हेदरची जांभळी फुले यांचे वर्णन असते. पण ही वाट निसर्गाने दिलेली नाही आणि कोणा दयाळू उमरावानेही दिलेली नाही. ती मिळवावी लागली.

इंग्लंडमध्ये आपल्या गायरानासारख्या सामायिक जमिनी होत्या. गरीब शेतकरी तिथे गुरे चारत, सरपण गोळा करत, पीट खणत. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. लक्षात घ्या, ही लूट दरोडेखोरांनी केली नाही. ती कायद्याने, नकाशा काढून, सह्या करून झाली. किंडरचे पठारही १९व्या शतकात असेच खाजगी झाले. पुढे ते ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले गेले. वर्षातले मोजके दिवस श्रीमंतांच्या बंदुका वाजाव्यात म्हणून उरलेले वर्षभर राखणदार पठारावर पहारा देत. आणि पायथ्याशी मँचेस्टरच्या गिरण्यांत व कारखान्यांत आठवडाभर धूर गिळणारा कामगार रविवारी मोकळ्या हवेसाठी निघाला, की त्याच्यासमोर पाटी यायची: अतिक्रमण करणाऱ्यांवर खटला भरला जाईल.

गंमत अशी की ही पाटीच खोटी होती. दुसऱ्याच्या जमिनीवरून नुसते चालणे हा तेव्हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा नव्हता, फार तर दिवाणी दावा होऊ शकत होता. चालणारे लोक या पाट्यांना 'लाकडी खोटारडे' म्हणत. कायदा ज्याला माहीत नाही, त्याच्यावर पाटीसुद्धा राज्य करते.

पायवाटा वाचवण्याचे संघटित काम मँचेस्टरमध्ये १८२६ पासून सुरू झाले. १८९४ साली पीक डिस्ट्रिक्टसाठी पायवाटा संरक्षणाची संस्था उभी राहिली. तिने जमीनमालकांशी वाटाघाटी केल्या आणि १८९७ साली विल्यम क्लफमधून जाणारी हेफिल्ड ते स्नेक इन ही वाट लोकांसाठी उघडली गेली. हे काम लहान नव्हते. पण त्यातून मिळाली ती एक चिंचोळी वाट. तिच्या दोन्ही बाजूंचे अफाट पठार मालकाचेच राहिले.

इथे कायद्याचा एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या मराठीत 'वहिवाट' हा शब्द आहे. इंग्रजी कायद्यातही वहिवाटीने वाट सार्वजनिक होते. लोक एखाद्या वाटेने सलग २० वर्षे चालत असतील, तर मालकाने ती लोकांना दिली असे कायदा गृहीत धरतो. पण अट आहे. ते चालणे जबरदस्तीने झालेले नसावे, चोरून नसावे आणि परवानगीने नसावे. तिसरी अट पुन्हा वाचा. मालकाने "या, चाला, माझी हरकत नाही" असे म्हटले आणि तुम्ही त्या परवानगीवर ५० वर्षे चाललात, तरी हक्क तयार होत नाही. कारण ती मालकाची मेहरबानी ठरते, आणि दिलेली मेहरबानी तो कोणत्याही सकाळी काढून घेऊ शकतो. अभ्यासवर्गातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका अटीत आहे.

उरलेले अर्धे उत्तर २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी मिळाले. त्या दिवशी काही शे तरुण कामगार हेफिल्डला जमले. नेतृत्व बेनी रॉथमन या २० वर्षांच्या मँचेस्टरच्या तरुणाकडे होते. ज्यू स्थलांतरितांच्या घरातला, मोटार मेकॅनिकचे काम शिकलेला, कम्युनिस्ट युवक संघटनेचा आणि ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशनचा कार्यकर्ता. पोलीस रेल्वे स्टेशनवर वाट बघत असतील हे ओळखून तो सायकलने आला. बाउडन ब्रिजच्या खाणीत त्याने सभा घेतली आणि जमाव विल्यम क्लफच्या वाटेने निघाला. १८९७ च्या त्या वाटेवर चालणे कायदेशीर होते. ठरल्या जागी लोकांनी ती वाट सोडली आणि ते ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मालकीच्या उतारावर चढू लागले. राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. वर शेफिल्डकडून आलेली तुकडी त्यांना मिळाली.

परतताना अटक झाली. चालणे गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीच्या हेतूने जमाव जमवणे आणि मारहाण असे आरोप ठेवले गेले. जुलैमध्ये डर्बीला खटला चालला. कामगारांच्या पोरांवर खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार होते. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिन्यांची. चालणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांचा या आंदोलनाला विरोध होता. वाटाघाटी बिघडतील, असे त्यांचे म्हणणे होते. पण शिक्षेने लोकमत फिरले आणि पठारे खुली करण्याच्या मागणीसाठी त्याच वर्षी विनॅट्स पासच्या सभेला हजारो लोक आले.

आता वहिवाटीची दुसरी बाजू पाहू, कारण ती आपल्या इतिहासात आहे. चवदार तळ्याच्या खटल्यात महाडच्या सवर्णांनी कशाचा आधार घेतला? वहिवाटीचाच. अस्पृश्यांना या तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा होता. म्हणजे इंग्लंडमध्ये गरिबांच्या पावलांनी वापरलेले हत्यार इथे माणसांना पाण्यापासून तोडण्यासाठी उगारले गेले. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना या इंग्रजी तत्त्वाची कसोटी पुरती ठाऊक होती. अनादिकाळाचा दावा करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. तो सवर्णांना सिद्ध करता आला नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

किंडर आणि महाड एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. ड्यूकचा राखणदार वाट सोडणाऱ्या कोणालाही अडवत होता. कामगाराच्या स्पर्शाने पठार बाटते, असे तो म्हणत नव्हता. महाडचे तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक होते, आणि तरीही ते जन्माच्या आधारे नाकारले जात होते. वर्गाच्या भिंतीला फाटक असते, जातीच्या भिंतीला तेही नसते. हा फरक पुसून साम्य दाखवणे हा अप्रामाणिकपणा होईल.

पण एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. बोले ठराव १९२३ चा, त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे खुले केले १९२४ साली. कागद होता, पण २० मार्च १९२७ रोजी पावले तळ्याकडे वळेपर्यंत तो कागदच राहिला. हेफिल्डला उलट घडले. पावले पठारावर पोचली, पण कागद नव्हता. तो यायला १९४९ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांची तरतूद झाली आणि गावोगावच्या पायवाटांची मोजणी करून अधिकृत नकाशे करणे जिल्हा कौन्सिलांना बंधनकारक झाले. नकाशावर आलेली वाट हा तिच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा ठरला. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. वाट सोडून पठारावर, माळावर फिरण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने मिळाला. रॉथमनच्या चढाईनंतर ६८ वर्षांनी. २००२ साली बाउडन ब्रिजला झालेल्या स्मृतिसोहळ्यात तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हता, त्याच वर्षाच्या जानेवारीत तो वारला होता.

आणि लढा संपला का? २००० च्या कायद्याने खुली झालेली जमीन इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के आहे. बहुतेक जंगले आणि नदीकाठ त्यात नाहीत, तिथे आजही ठरलेली वाट सोडता येत नाही. शिवाय नकाशावर वाट आली म्हणून तिच्यावरचा प्रत्येक जण समान झाला, असेही नाही. २०२१ च्या नाताळच्या दिवशी किंडरजवळच्या मॅम टॉर डोंगरावर मुस्लिम गिर्यारोहकांचा एक गट चालून आला, तर समाजमाध्यमांवर त्यांना वंशद्वेषी शेरे ऐकावे लागले. ज्या भागात एका ज्यू कामगाराने तुरुंगवास सोसून वाट खुली केली, तिथे!

म्हणून "जाऊ देतात ना?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. जाऊ देणारा उद्या अडवूही शकतो. आपल्या गावातला स्मशानाचा रस्ता, वस्तीकडे येणारी पांदण, विहाराची जागा, हे सगळे आज कोणाच्या परवानगीवर चालले आहे आणि काय सातबाऱ्यावर, गावनकाशात नोंदले आहे, याची यादी आधी करा. नोंद आहे तिथे पाऊल टाका. पाऊल पडते आहे तिथे नोंद करून घ्या. दोन्हींपैकी एक सुटले, की वाट पुन्हा मेहरबानीची होते.