कायोटीला .२२ ची गोळी पुरते का?

अमेरिकेत मेंढ्या-कोंबड्यांवर पडणाऱ्या कायोटीसाठी (कोल्ह्याच्या जातीचं जनावर) काही जण .२२ एलआर रायफल उचलतात. १८८७ पासूनची ही गोळी स्वस्त, आवाजही कमी. पण रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. ठोक्याने कड चेपावी म्हणून पत्रा पातळ ठेवतात, त्यामुळे तो जास्त दाब सोसत नाही. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, जोर सुमारे १९० ज्यूल. सशाला पुरे, १०-१५ किलोच्या कायोटीला नाही. जखमी जनावर पळतं आणि झुडपात तडफडून मरतं. .२२ मॅग्नमचा जोर दुप्पट, पण तोही जवळूनच कामाचा. खात्रीसाठी .२२३ सारखं सेंटरफायर काडतूसच लागतं.

आपल्याकडे लांडगा, बिबट्या मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यांनी शेळी-मेंढी मारली तर लगेच वनविभागाला कळवा. पंचनामा झाला की भरपाई मागता येते.