ऑटिझम आणि कॉर्टिसॉल: लाळेतून दिसणारा ताण

कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रक्तात येणारं हार्मोन. त्याची पातळी लाळेतूनही कळते, त्यामुळे मुलांना सुई टोचावी लागत नाही. सहसा झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात ते झपाट्याने वाढतं आणि मग दिवसभर उतरत जातं.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम असलेल्या किशोरवयीन मुलग्यांची लाळ तपासली. सकाळची ही वाढ त्यांच्यात दिसलीच नाही. पुढे लहान मुलांवरच्या अभ्यासात मात्र ती नेहमीसारखी आढळली. थोडक्यात, कॉर्टिसॉल मोजून ऑटिझमचं निदान होत नाही. तसा दावा करणारं रील दिसलं, तर सरळ पुढे सरका.

त्याहून बोलकं निरीक्षण मैदानावरचं आहे. अमेरिकेत ब्लाइथ कॉर्बेट यांच्या 2010 च्या अभ्यासात 8 ते 12 वर्षांची मुलं अनोळखी मुलांसोबत 20 मिनिटं खेळली. एवढ्या साध्या खेळातही ऑटिझम असलेल्या अनेक मुलांचं कॉर्टिसॉल वाढलं, आणि वयाने मोठ्या मुलांमध्ये ते जास्त ठळक होतं. म्हणजे ‘जा, सगळ्यांत मिसळ’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या मुलाच्या शरीराला ते सहज वाटतच असेल असं नाही.