शब्दवेध : प्रपंच

बार्शीटाकळीच्या बाजारात कुणी ‘परपंच लय वाढला, भाऊ’ म्हणालं, की त्यात पोरंबाळं, ढोरं, उधारी असं सारंच आलं. वाढण्याचा हा अर्थ मुळातलाच. संस्कृतात ‘प्र’ या उपसर्गापुढे ‘पञ्च्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ पसरणे. त्यामुळे पंचमहाभूतांच्या पाचाशी प्रपंचाचं नातं जोडायचा मोह होतो, तरी विस्तार हाच अर्थ नीट बसतो.

शंकराचार्यांच्या अद्वैतात हा पसारा मिथ्या, एकटं ब्रह्म सत्य. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी घट्ट जोडलेल्या महानुभाव पंथाने वेगळी मांडणी केली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र, नित्य पदार्थ सांगितले, तेही मराठीत. पदार्थ म्हणजे इथे खाण्याचा नव्हे; पदाचा, शब्दाचा अर्थ, म्हणजेच अस्तित्वात असलेली वस्तू. कारणरूप प्रपंच नित्य, त्यातून घडलेलं दिसतं ते कार्यरूप जग मात्र अनित्य.

हिंदीत प्रपंच म्हणजे भानगड, कपट. हिंदीच्या इतक्या शेजारी असूनही वऱ्हाडाने तो शब्द संसारालाच ठेवला, हे मला फार आवडतं.