कूपर क्रीकची चुकामूक

वाळवंट ओलांडायचे तर शिधा कुठे आणि किती ठेवायचा, याचा हिशेब आपण मांडू. पण तेवढा पुरेल का? १८६० साली बर्क व विल्स यांची मोहीम ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून उत्तरेकडे निघाली. कूपर क्रीक या ओढ्याकाठी तळ ठेवून चौघे पुढे गेले. तळावरची माणसे चार महिने थांबून २१ एप्रिल १८६१ च्या सकाळी निघाली. त्याच संध्याकाळी चौघांपैकी उरलेले तिघे परतले! झाडावर ‘खणा’ असे कोरलेले वाचून त्यांनी पुरलेला शिधा काढला, तिथे चिठ्ठी पुरली. पण नवी खूण कोरली नाही. मे महिन्यात तळप्रमुख पुन्हा येऊन गेला. त्याला बदल दिसला नाही. पुढे बर्क, विल्स मेले. तिसऱ्या किंगला तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी जगवले. तळावर शिध्याइतकाच निरोपही लागतो, हे आपण यातून शिकतो.