शिदोरी आणि सरहद्द : करोडगिरी नाक्यापासून विमानतळापर्यंत

१/ परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लोणच्याची बरणी असतेच. सोबत एक प्रश्नही असतो : ‘हे कस्टममधून सुटेल ना?’ हा प्रश्न विमानप्रवासाबरोबर आला, असा आपला समज असतो. मराठवाड्याचा इतिहास वेगळे सांगतो. इथल्या दोन-तीन पिढ्यांना रेल्वेने मनमाडला जातानाही जकातीची सरहद्द ओलांडावी लागे. त्या सरहद्दीविषयी हा थ्रेड.

२/ आरंभ चुडाव्यापासून करू. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील हे गाव पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक आहे. हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग, म्हणजे ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’, १९००-०१ च्या सुमारास सुरू झाला. मनमाडकडे जाताना परभणी, जालना, औरंगाबाद मागे पडले की रोटेगाव येते. ते वैजापूर तालुक्यात, अर्थात निजामाच्या राज्यात होते. त्यापुढचे नगरसूल मात्र येवला तालुक्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते.

३/ दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे शेतकरी आणि ताटात तीच भाकरी. पण राज्ये दोन, नाणीही दोन. निजामाचा ‘हाली’ रुपया आणि ब्रिटिशांचा ‘कलदार’. अधिकृत दराने १०० कलदार रुपयांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मोजावे लागत. सहा कलदारांना सात हाली, असा साधा हिशेब. मनमाडच्या बाजारात खरेदी करणाऱ्याला परदेशात गेल्यासारखेच नाणे बदलून घ्यावे लागे.

४/ या राज्याच्या जकात खात्याचे नाव ‘करोडगिरी’. शब्दाचा धागा मोगलकाळापर्यंत जातो. अकबराने १५७५ च्या सुमारास सुमारे एक कोटी दाम महसुलाच्या मुलखावर एकेक अधिकारी नेमला. त्याला ‘करोडी’ म्हणत. पुढे मोगल साम्राज्य लयाला गेले, पण शब्द हैदराबादच्या दफ्तरात टिकून राहिला आणि सीमेवरच्या नाक्याला चिकटला. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘करोडगिरी नाका’ हा शब्दप्रयोग अजूनही ऐकू येतो.

५/ या जकातीचा पाया १८०२ चा व्यापारी तह. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यातील या तहाने एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ इतकी जकात ठरली. वाटेतल्या ठिकठिकाणच्या राहदारी करांना त्यात मज्जाव होता. निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता, म्हणून मच्छलीपट्टणम बंदराच्या मुक्त वापराचे कलमही त्यात आले.

६/ समुद्र नसण्याचा अर्थ स्वयंपाकघरात चांगला कळतो. समुद्राचे मीठ, नारळ, सुपारी, खारीक हे सारे बाहेरून येणार. चुडाव्यासारख्या गावी ज्वारी, तूर, तेल घरचे असे. परंतु सणाचा नारळ आणि रोजचे मीठ सरहद्द ओलांडूनच येई. नाक्यावरची जकात व्यापारी भरे, पण ती वसूल होई किराणा दुकानात, गिऱ्हाइकाकडून.

७/ हे एकट्या निजामाचे वैशिष्ट्य नव्हे. ब्रिटिशांनी मिठाचा कर बुडू नये म्हणून उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून ‘अंतर्गत जकात रेषा’ आखली होती. काही भागांत ती चक्क काटेरी कुंपणाची होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे तैनात होती. १८७९ मध्ये ती मोडण्यात आली. मूठभर मिठासाठी माणसांची झडती घेणारी ही व्यवस्था होती.

८/ तात्पर्य, जुन्या नाक्याचा प्रश्न एकच असे : ‘याची किंमत किती?’ पदार्थ ताजा की शिळा, किडका की निरोगी, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नव्हते. मालाचे मोल ठरले, जकात भरली, की वाट मोकळी. आणि ती वसूल करण्याचा अधिकार हीच त्या राज्याच्या वेगळेपणाची सर्वांना दिसणारी खूण होती.

९/ म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके लक्ष्य झाले. उमरखेड, वाशीम, बार्शी, मनमाड अशा सरहद्दीवरच्या गावांतून स्टेट काँग्रेसची शिबिरे चालत. तेथील तरुणांनी अनेक नाक्यांवर हल्ले केले. महसूल बुडवणे हा त्यामागचा एक हेतू होता. दुसरा अधिक खोल होता : ही रेषा आम्हाला मान्य नाही, हे सांगणे.

१०/ १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली. मात्र जकात त्याच दिवशी संपली नाही, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशभर व्यापार मुक्त केला; परंतु कलम ३०६ ने पूर्वीच्या संस्थानी राज्यांना, केंद्राशी करार करून, ही जकात जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली. कारण साधे होते : एवढे उत्पन्न एकदम गेले तर राज्याचा खर्च चालणार कसा?

११/ सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम ३०६ रद्द झाले. ही दुरुस्ती अमलात आली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याच दिवशी हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. रोटेगाव आणि नगरसूल तेव्हापासून एकाच राज्यातली दोन स्थानके आहेत.

१२/ आता विमानतळाकडे वळू. तिथला अधिकारी चटणीची किंमत विचारत नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे : ‘यात जिवंत काय आहे?’ या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. अमेरिका खंडातून आलेल्या करप्याने १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे नासले आणि दुष्काळ पडला. अमेरिकेतूनच आलेल्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १८७८ मध्ये तिच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. भारतातही विध्वंसक कीटक व कीड यांविषयीचा कायदा १९१४ चा आहे.

१३/ आपल्या बांधावरचे उदाहरण हवे असेल, तर गाजरगवत पाहा. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात त्याची ठळक नोंद झाली. आयात धान्याबरोबर बी आले, असे मानले जाते. दोष बहुधा पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाला दिला जातो. पण भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणून त्या गव्हाचे नाव घेताना सावध राहावे. परिणामाविषयी मात्र शंका नाही. मराठवाड्यातला शेतकरी ते आजही उपटतो आहे.

१४/ या प्रकाशात आजचे नियम जाचक वाटत नाहीत. ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही, कारण त्यावरची कीड लिंबूवर्गीय बागांचा रोग पसरवते. मोसंबीच्या मुलखातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सिडनी विमानतळावर कच्चे डुकराचे मांस आणि इतर खाद्यपदार्थ न सांगता आणणाऱ्या प्रवासी महिलेचा व्हिसाच रद्द केला. तेव्हा आशियात आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ होती.

१५/ क्वचित तिसराच प्रश्न विचारला जातो : ‘यापासून काय बनू शकते?’ दिवाळीचा अनारसा आपण खसखशीवर थापतो. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे मात्र खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. लेकीसाठी दुबईला फराळ नेणाऱ्या आईने हे आधी जाणून घ्यावे.

१६/ आपली सवय मात्र अजून जुन्या नाक्याची आहे. ‘विचारले तरच सांगायचे’ ही जकात चुकवणाऱ्याची नीती. करोडगिरीवर लपवणारा सरकारची तिजोरी हलकी करत होता. विमानतळावर लपवणारा अनोळखी शेतकऱ्याचे शेत धोक्यात घालतो. ऑस्ट्रेलिया असो वा अमेरिका, फॉर्मवर पदार्थ खरेपणाने लिहिला तर फार तर तो काढून घेतात; दंड होतो तो दडवल्याबद्दल.

१७/ मित्रहो, एक विनंती. तुमच्या घरात १९४५ पूर्वी जन्मलेले कोणी असेल, आणि गाव निजामाच्या सरहद्दीजवळचे असेल, तर ‘करोडगिरी’ हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारून पाहा. त्या नाक्यावर काय अडवले जाई, काय सुटे, काय लपवले जाई, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि इथे लिहा. तहाची कलमे दफ्तरात सुरक्षित आहेत. शिदोरीचा इतिहास केवळ त्यांच्यापाशी आहे.